तुझ्या गोष्टीतला मी

चिंचवड स्टेशन,
९ फेब्रुवारी १९५८

प्रिय भिमाजी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पुस्तक निघतंय हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो, तर समोरचं गिऱ्हाईक घाबरलं. पण शेवटी तू विचारलंस, की 'तुझ्यावरची ती दीड पानाची गोष्ट पुस्तकात घेऊ का? तू नको म्हणालास तर काढून टाकीन.' खरं सांगतो, राग आला. चार वर्षांपूर्वी मासिकात छापताना विचारलं नाहीस, आणि आता मुंबईला नोकरी लागल्यावर शहाणपण सुचलं होय? म्हणून गप्प बसलो. सध्या दुकान बंद आहे, वेळ आहे, म्हणून आज उत्तर देतोय. तुझ्यासारखं दीड पानात मला आवरणार नाही, तेवढं सोसून घे.

इथलं स्टेशन आता तुला ओळखू येणार नाही. पिंपरीला औषधांचा कारखाना झाल्यापासून पाळी सुटली की सायकलींची रीघ लागते, मान वर करायला फुरसत मिळत नाही. तुझ्या वेळी निवांत होतं. तू भोसरीहून सायकल हाणत यायचास, ती माझ्याकडे टाकून पुण्याची गाडी धरायचास, आणि संध्याकाळी परत आलास की खोक्यावर बसून राहायचास. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचो आणि बडबडत असायचो. अब्बा गेल्यावर अम्मानं लोकांच्या गोधड्या शिवून मला कसं वाढवलं, सुई बोटात मोडली तरी गोधडी कशी पुरी करून दिली, खोकला आला की तोंडावर पदर दाबून ती दाराबाहेर कशी जायची, सगळं सांगितलं. तुला सोडून हे कुणाला सांगितलं नव्हतं रे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग गोष्ट छापून आली. त्यात माझं नाव नव्हतं, नुसता 'मी' होता. अम्माची 'आई' झाली होती. बाकी दुकान माझं, गोधड्या आमच्या, खोकलासुद्धा आमचाच. शेवट तेवढा तुझा. आई गेल्याचा निरोप येतो, तेव्हा 'मी' एका वाटसरूचं पंक्चर काढत असतो. तो उठत नाही. ठिगळ चिकटवतो, चाक चढवतो, हवा भरतो, सायकल त्याच्या हाती देतो आणि मग उठतो. पुण्याच्या शिकल्यासवरल्या लोकांनी म्हणे वाखाणणी केली, नव्या धर्तीचं लिखाण म्हणून. मला मात्र वाटलं, या माणसानं चारचौघांत मला दगड ठरवलं. आई गेल्यावर मी असा बसून राहीन?

तुझ्याकडे तर वेगळाच गोंधळ झाला. चाकणच्या तुझ्या कोंडाजीमामांना कुणीतरी मासिक वाचून दाखवलं. खाली तुझं नाव, वर 'माझी आई गेली'. मामा दुखवट्याचा पटका घेऊन, चार माणसं बैलगाडीत घालून भोसरीत दाखल. गाडीतूनच रडत उतरले. आणि दारात तुझ्या आई, गोजाबाई, धान्य पाखडत बसलेल्या. तुझे वडील सोपानराव दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानावर आले आणि मलाच फैलावर घेतलं, की 'तुझी आई आमच्या पोरानं का मारली?'

पण माझी खरी पंचाईत घरी होती. अम्माला अक्षरओळख नाही. भिमाजीनं आपल्यावर लिहिलंय हे कळल्यावर ती हटूनच बसली, वाचून दाखव. शेवटाशी आलो आणि माझी जीभ उचलेना. मग मी आपला शेवट बनवला. आई फार आजारी असल्याचा निरोप आल्याबरोबर 'मी' चाक फेकतो, धावत घरी जातो, आणि आईचा ताप उतरलेला असतो, ती चहा मागते. अम्मा खूश. तुला दुवा दिली. त्यानंतर आल्यागेल्यासमोर पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. दर वेळी शेवट थोडा वाढायचा. एकदा मी त्यात चहाबरोबर खारीसुद्धा घातली. छापलेल्या कागदाकडे बघत आपल्या मनचं वाचायचं आणि तुझं नाव घ्यायचं, असं चार वर्षं चाललं होतं. आता सांग, लेखक कोण?

दोन आठवड्यांपूर्वी अम्मानं अंथरूण धरलं. एका दुपारी म्हणाली, मासिक आण. मी नेहमीसारखी सुरुवात केली, तर तिनं हात धरला.

"तुझी बी ग्वाड हाय. पन आज भिमाजीची वाच."

तिला सगळं माहीत होतं. शाळेतल्या शालनबाई त्याच वर्षी गोधडीला जुनी लुगडी द्यायला आल्या होत्या, तेव्हाच तिनं त्यांच्याकडून गोष्ट नीट वाचून घेतली होती. चार वर्षं माझा शेवट ऐकत राहिली ती माझ्यासाठी. मी चाचरत चाचरत तुझा शेवट वाचला. तिनं डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, "बराबर लिवलंय त्यानं. गिऱ्हाईक रस्त्यात उभं हाय, त्याला घरी जायाचं आसंल. त्याचं काम पुरं करूनच उठावं. मी काय कुठं पळून चाललीया?"

भिमाजी, मला तुझा राग होता, की तू मला ओळखलं नाहीस. त्या 'मी'त तू मला नाही, तिला बघितलं होतंस. मी तिच्या पोटचा, आणि मला ते दिसलं नाही.

अम्मा मंगळवारी सकाळी गेली. हे तुला मीच कळवावं, म्हणून हे पत्र. गोष्ट पुस्तकात घे, शब्दही बदलू नकोस, आणि खाली नाव तुझंच राहू दे. मी तिच्या उशाशीच होतो, कुणाला निरोप घेऊन यावं लागलं नाही. तिचा श्वास थांबला आणि पुढं काय करायचं ते मला कळेना. तुझ्या त्या 'मी'च्या हातात निदान चाक तरी होतं.

तुझाच,
हनीफ