सर्वरात मी पहिला

१९ फेब्रुवारी २००६, आर्वी
प्रफुल नागपूरहून आला आन दुकानात सर्वर बसवून गेला. चार कम्प्युटर. एकात सर्वर, तीन गिऱ्हाइकाले. गोलीबाराचा गेम. दुकानात कोनी नसलं तरी गेमात गर्दी दिसते, कारन दहा खेळाडू कम्प्युटर सोताच चालवते. त्याले बॉट म्हन्ते. एवढं सांगाले पोरानं अर्धा घंटा घेतला. मी म्हनलं, बापू, याच खोलीत माहा कॅरम क्लब होता तवा बोर्ड रिकामा दिसला का मी रामाजीले खेळाले बसवत होतो. रामाजी म्हन्जे बॉटच. फक्त त्याले चहा लागे.
जाता जाता म्हने, "बाबा, बॉटचा लेवल मी मधात ठेवला. तुमी हात नका लावू."
लावनार नाई.

२० फेब्रुवारी
हात लावला. बॉटची नावं फिरंगी होती, गिऱ्हाइकाले ओळख कशी पटन? एक फाईल आहे, तिच्यात नाव आन नावासमोर लेवल, म्हन्जे थो खेळाले किती पक्का. मी गल्लीतलेच लोक टाकले. नत्थू चक्कीवाला, श्रावण कंडक्टर, समोरची अनुसयाबाई. माजी नगरसेवक महादेवरावाले सगळ्यात खालचा लेवल देल्ला, मानूस तसाच आहे. एक जागा उरली तं माहं नाव टाकलं. लेवल सगळ्यात वरचा. मालकाले शोभलं पाहिजे.

२३ फेब्रुवारी
पोट्टे तुटून पडले! बस स्टँडकडचा कॅफे सोडून इकडे आले. कॉलेजातला निकेश रस्त्यावर ऐकू जाईन असा वरडला, "महादेवराव गेले!" दोन बाया थांबल्या, खरंच गेले का म्हनून. मी सांगतलं, गेले, पन लगेच उठते.

२४ फेब्रुवारी
आमच्या घरवालीले, प्रमिलाबाईले, ही खोली शेवयाच्या मशीनसाठी पाहिजे. उन्हाळा तोंडावर आहे म्हने. तिची शर्त : पाडव्याले तिन्ही खुर्च्यांवर मानसं बसून दिसली तं कम्प्युटर राहीन, नाई तं मशीन येईन. मंजूर. जास्त चर्चा मले जमत नाई.

१ मार्च
आज मी एकतीस मारले. म्हन्जे मी खुर्चीत टेकून पाहून राह्यलो होतो, पन नाव माहंच. पहिला नंबर. निकेशले कोपऱ्यातून असा टिपला का त्याले कळलंच नाई. या वयात एवढी नजर कोनाची आहे?

४ मार्च
महादेवराव दुकानात. मले वाटलं आता चप्पल काढते. ते म्हने, "तानबा, मी मरतो त्याचं काई नाई. पन पोट्टे सांगून राह्यले का मी भिताडाले तोंड लावून उभा रायतो. काऊन?"
म्हनलं, टेक्निकल आहे.
"तुह्या नावाचा तं नाई रायत उभा!"
म्हनलं, थो अनुभव आहे.
दुरुस्त करून देतो असं वचन द्या लागलं. पाडव्याले येजा म्हनलं, सोता खेळून पाह्यजा. खूश होऊन गेले. राजकारणी मानूस, नाव कुठं लागलं एवढंच पायते.

९ मार्च
गर्दी पातळ. निकेश म्हने, "काका, थो तानबा तेवढा कमी करा ना. जलमलो का मारते, जलमलो का मारते. बंदूक धराले टाइम नाई देत."
म्हनलं, सराव करजो. आजकालच्या पोट्ट्याइले मेहनत नको. मलेच माह्या सर्वरातून खाली उतरवाले निंगाला!

१६ मार्च
होळीच्या आधीपासून कोनी नाई. पेपर चालू आहे ना. निकेशले पेपर नाई, पन दोस्ताचं टेन्शन असन. दुपारभर लोडशेडिंग. लाइट आल्याबरोबर सर्वर चालू केला. दहाही बॉट इमानदारीनं भिडले. मी पहिला.

२३ मार्च
प्रफुलचा फोन. कोनीतरी त्याचे कान भरले. "बाबा, तानबाचा लेवल मधात आना. पोट्टे वापस येतीन."
म्हनलं, तुले बापाची किंमत नाई.
"थो तुमी नाई ना बाबा! प्रोग्राम आहे थो!"
फोन ठेवून देल्ला. पोरं शिकली का असं बोलते.

२९ मार्च
उद्या पाडवा. निकेश, त्याचा दोस्त आन महादेवराव येतो म्हनले. तीन खुर्च्या, तीन मानसं, विषय खतम. महादेवरावाच्या बॉटले भिताडापासून काढलं. आता फक्त माहा लेवल कमी कराचा. फाईल उघडली. कर्सर नावावर नेला. तेवढ्यात चहा आला. चहा पेलो. मंग बाकीच्याइचाच लेवल कमी केला. पोट्ट्याइले सोपं झालं म्हन्जे झालं.

३० मार्च, पाडवा, सकाळी
तिन्ही खुर्च्या भरल्या! प्रमिलाबाई गाठी घेऊन दारात उभी, खुर्च्या मोजून राह्यली. जितलो!

दुपारी
निकेश मेला. त्याचा दोस्त मेला. महादेवराव तीनदा मेले. स्क्रीनवर एकसारखी ओळ : तानबानं महादेवरावाले मारलं. तानबानं महादेवरावाले मारलं. ते खुर्ची ढकलून उठले. "सनाच्या दिवशी घरी बोलावून मारते का रे!" त्याच्यामागं पोट्टेही उठले.
प्रमिलाबाई समजुतीनं बोलली, खोटं काऊन लिहू. म्हने, "अहो, दिवस सरला नाई अजून. थो तानबा जरा कमी करा, मी बसवतो तिघाइले परत. मशीन पुढच्या साली आनू."
मी म्हनलं, सर्वर बंद झाला तरी चालीन, पन पहिल्या नंबरावरचा मानूस खाली येनार नाई.
ती म्हने, "बरं." प्लग काढला. तवाही मीच पहिला होतो.
महादेवराव दारातून म्हने, "वहिनी, शेवयात आमचा नंबर पहिला लावजा." निकेश म्हने, "काकू, मशीन उतरवाले मी येतो."

६ एप्रिल
मशीन चालू. बाया डबे घेऊन लाइनीत. तिन्ही खुर्च्या त्याइलेच कमी पडून राह्यल्या.
मले गच्चीवर बसवलं. शेवया वाळून राह्यल्या, कावळे येते. जबाबदारीचं काम आहे, हर कोनाले जमत नाई. दिवसभर खडे मारले. एकही लागला नाई. एक कावळा तं जागचा हालला भी नाई, शेवई तोंडात धरून माह्याकडे पायत राह्यला.