मोरीतलं फिनाईल

आई, काल अळणावरजवळच्या एका गावात सांडपाण्याची टाकी सुरू करून आले. जिथे गटारलाइन नाही आणि यायची लक्षणंही नाहीत, तिथे गावचं पाणी गावातच स्वच्छ करायचं, हेच अजून करते आहे. ते तुझ्यामुळे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि एवढं साधं तुला कधी म्हटलं नव्हतं.

नव्वदीतली आपली केलगेरीची कॉलनी आठवते. घराघरातलं पाणी तळ्याच्या दिशेनं उघडं वाहायचं. शहरात कोप्पीकर रोडवरची नोकरी सोडून मी कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर माझं पहिलं काम उभं केलं होतं. जमिनीखाली टाक्या, पुढे खडीचा वाफा, त्यात कर्दळ. थोड्याच दिवसांत असा वास सुटला की लोक नाक धरून जायला लागले. कॉलनीच्या अध्यक्षांनी, म्हणजे शेजारच्या अण्णांनी, रविवारी बैठक बोलावली. टाक्यांत माती भरायची हे ठरल्यासारखंच होतं. पहिलंच काम बुजवलं तर पुढचं कोण देणार, या धास्तीनं मी वासाचं कारण शोधत टाक्या, पाइप, सगळं तपासत होते.

शनिवारी सकाळी तू मोरी धुते आहेस. हातात फिनाईलची बाटली, भडाभडा ओतते आहेस, आणि मी दारात उभी. सगळीकडे शोधून झालं होतं, आपल्याच मोरीत बघायचं तेवढं राहिलं होतं. टाकीत पाणी साफ करतात ते जंतूच, आणि ते या औषधानं मरतात, असं मी म्हणाले. तू ब्रश खाली ठेवलास. "म्हणजे रोज मी टाकीचं विरजणच मारतीय?" एवढंच विचारलंस. तुझी मोरी म्हणजे काय होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शाळेत शिकवून दमून आलीस तरी ती घासल्याशिवाय तू चहा घेत नसायचीस.

बैठकीत माझं कुणी ऐकून घेईना, तेव्हा तू उठलीस. आधी कानडीत, मग मराठीत. "वास माझ्या घरातनं सुरू झालाय. फिनाईल मी ओतते, तुम्हीपण ओतताय. महिनाभर कुणी ओतू नका. तरी वास राहिला, तर पहिली बुट्टी माती मी टाकते."

तूच असं म्हणतेस म्हटल्यावर अण्णांनीही महिनाभर थांबायचं कबूल केलं. मग तू दारोदार "फिनैल हाकब्याड्री" म्हणत, फिनाईल ओतू नका असं सांगत फिरलीस आणि जंतू पुन्हा वाढावेत म्हणून मी टाकीत शेण कालवून सोडत राहिले. हळूहळू वास गेला. पाणी निवळलं, बघायला माणसं आली, पुढे एकेक गाव बोलवत गेलं.

तुला मात्र ते जंतू कधी पटलेच नाहीत. जाईपर्यंत तू मोरी गरम पाण्यानं दोनदोनदा घासायचीस, वाकून हुंगायचीस, आणि माझी चाहूल लागली की उगीच काही शोधल्यासारखं करायचीस. मला दिसायचं, आई. पुरे आता, स्वच्छ आहे, एवढं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. विषय निघाला तर तू पुन्हा बाटली आणशील, अशी मला शेवटपर्यंत भीती होती.