मधल्या खणाची पाठ

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

अख्ख्या शहराला कपाटं करून दिलीस आणि सख्ख्या बहिणीच्या चादरी अजून ट्रंकेत, हे तुला कधी टोचलं नाही का? आता मात्र सुटका नाही. मागच्या खोलीत मला कपाट हवंय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत. आतली भिंत बोटभरही दिसता कामा नये.

कारण चादरींचं नाही. हे निवृत्त झाल्यापासून त्या खोलीत बसतात. आधी वाटलं पेपर वाचतात. पण पेपर मांडीवर घडीचा तसाच आणि तोंड भिंतीकडे. विचारलं तर म्हणाले, पलीकडच्या खोलीत सामान हलवतायत, ते ऐकतोय. ती इमारतीची शेवटची भिंत. पलीकडे खोली कसली, तिसऱ्या मजल्याची हवा आणि कबुतरं! डॉक्टर म्हणाले, करमत नसेल, कशात तरी मन गुंतवा. मी भाजी निवडायला बसवलं, तर हे परात उचलून तिथेच जाऊन बसले.

परवा जेवायला हाक मारायला गेले तेव्हा भिंतीला तळहात लावून उभे होते. वळून माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे कळायला त्यांना क्षण लागला. ठोक्या, मला ह्यांना परत घरात आणायचंय. ती भिंत झाकून टाक.

माझी माया आहेच, तुझी कामातून दिसू दे.
तुझी,
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे टोमणे पोचले. पॉलिश मारून दुकानात टांगलेत.

माप घेऊन आल्यापासून तुझंच काम हातात आहे. भिंत ते भिंत कपाटाला टेप वापरायची नाही, ही आपल्या बाबांची शिकवण. टेप मध्ये झोल खाते. लाकडी पट्टी घ्यायची आणि जागेवरच भिंतीला भिडवून कापायची. एक जमिनीलगत, एक कमरेच्या उंचीवर, एक छताखाली. कुठलीच खोली सरळ नसते, म्हणून तिन्ही पट्ट्या लहानमोठ्या निघतात. सगळ्यात आखूड असेल तिच्या मापाने कपाट करायचं आणि उरलेल्या फटी नंतर बुजवायच्या. तुझ्या पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तर केसाचाही फरक नाही. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि जुडी सोडली तर पट्ट्या चार निघाल्या. चौथीही तेवढीच लांब, पण लाकूड माझ्या दुकानातलं नाही. पिवळं आहे. माप घेताना दुसरं टोक भाऊजींनी धरलं होतं, तेव्हा ही गंमत त्यांचीच असणार. त्या दिवशी त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, भिंत कुठल्या बाजूने मोजतोयस? मी म्हटलं, चहा मिळतो त्या बाजूने.

एक सांगून ठेवतो. भिंतीवर मधोमध विजेचा बोर्ड आहे, म्हणून मधल्या खणाला पाठ लावत नाही. तिथे भिंत हीच पाठ. सगळे असंच करतात. बाकीच्या खणांना पाठफळी आहे.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा राग कपाट बसेपर्यंत तरी आवरून धर.
तुझा,
ठोक्या


ता. २२ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

कपाट बघायला शेजारीण आली, ती सगळी दारं उघडून मिटून, वर तुझा पत्ता घेऊन गेली. कडेला पोस्टकार्ड सरकवावं एवढीही फट नाही. सुरुवातीला हे किती छान राहिले म्हणून सांगू! टेबलावर येऊन जेवायचे. एकदा भाजीत मीठ नाही म्हणून कुरकुरले. अळणी भाजीचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मग एके दिवशी ह्यांनी मधला खण रिकामा केला. फळ्या काढल्या आणि आत स्टूल ठेवलं. म्हणतात, इथे जास्त नीट ऐकू येतं. मी हाताला धरून बाहेर काढते, पाठ वळली की हे पुन्हा आत.

काल तिथे पडलेली चादर काढायला मी हात घातला. कपाट हातभरही खोल नाही असं तूच म्हणाला होतास. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला तरी भिंत लागली नाही. बोटांना ऊब लागली. माणसं बसलेल्या बंद खोलीत असते तसली. सकाळी केर काढताना त्या दारापाशी लाकडाचा भुसा सापडतो. तुझ्या प्लायचा तांबूस होता, हा पिवळा आहे.

तुझ्या चौथ्या पट्टीचं ह्यांना सांगितलं. म्हणाले, ती पलीकडच्यांची आहे, ते लोक शोधत होते.

या पत्राला थट्टेत उत्तर देऊ नकोस. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?
तुझी,
ताई


ता. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थट्टा करत नाही. पत्र दोनदा वाचलं आणि तडक दुकानात जाऊन पाठफळी कापली. चूक माझी आहे. नेहमीची पद्धत म्हणून मी भिंतीवर विसंबून राहिलो. भाऊजी सांगत होते, तिकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी फळी घेऊन येतो. बोर्ड हलवायला वायरमनही सांगितलाय. चांगली जाड फळी आहे, कडेकडेने स्क्रू मारून कायमची बसवीन. तोवर एवढंच कर. मधल्या दाराला मी कुलूप दिलंय. हे पत्र हातात पडताच ते लाव आणि किल्ली स्वतःजवळ ठेव. भाऊजी चिडतील, तुला नाही नाही ते बोलतील, बोलू देत. दार उघडू नकोस.

काळजी घे म्हणायलाही आता लाज वाटते. तरी घे.
तुझा,
ठोक्या


ता. २९ मार्च

चि. ठोक्यास आशीर्वाद.

पोस्टाची वाट बघत नाही, कपाट घेऊन आलेल्या तुझ्या टेम्पोवाल्याच्या हाती ही चिठ्ठी देतेय.

तुझं पत्र आलं तेव्हा हे केस कापायला जातो म्हणून सांगून गेले होते. मी वाचलं, तशीच आत गेले आणि दार न उघडताच किल्ली फिरवली. मनात म्हटलं, सुटले. जेवायची वेळ टळून गेली तरी ह्यांचा पत्ता नाही. बघायला म्हणून बाहेर आले, तर ह्यांच्या चपला दारातच होत्या.

धावत जाऊन कुलूप काढलं. आत स्टूल होतं. स्टुलावर चष्मा, घडी करून ठेवलेला. आणि त्यामागे फळी. पिवळ्या लाकडाची, असा रंधा मारलेली की बाबांनी हात फिरवून मान डोलावली असती. चारी बाजूंनी घट्ट, नख शिरत नाही. मी चाचपून पाहिलं. स्क्रूची टोकं आपल्या बाजूला आलीत, ठोक्या. तिकडून बसवली आहे.

मी टकटक केलं, तर ह्यांनीही केलं. आवाज येतो, पण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. रडू नकोस म्हणाले. माणसं वाईट नाहीत. तिथल्या बाईचा नवराही दिवसभर या भिंतीकडे तोंड करून बसायचा, म्हणून बिचारीने भिंतभर कपाट करून घेतलं. पाठ राहिली होती, ती आज तिच्या भावाने लावून दिली. तिचा नवरा कुठे आहे, असं मी विचारलं. ते ह्यांना ठाऊक नाही. ती सगळीकडे शोधतेय म्हणाले.

तुझी फळी आणू नकोस. करवत आण, आणि शनिवारची वाट बघू नकोस. कापशील ते कडेकडेने काप. फळीला मध्ये एके ठिकाणी ऊब लागते. तिथे हे पलीकडून पाठ टेकून बसलेत. मीही इकडून तशीच टेकून बसलेय. टोकं टोचतात, पण उठले तर त्यांना वाटायचं मी गेले.

तुझीच,
ताई