जांभळ्या साडीची ऑर्डर

अण्णा,

ती जांभळी साडी काल मला दिसली. पुण्याला गेलेली, आपल्या दुकानाची नेटवरची पहिली ऑर्डर. टेलरकाकांची लेक पंचमीला माहेरी आली आहे. तिला भेटायला गेले तर ती बाजेवर पाय वर घेऊन बसलेली, आणि साडीचा काठ उलटा पडलेला. आत पोपटी फॉल! जांभळ्या साडीला पोपटी फॉल लावणारा माणूस अख्ख्या जवळा बाजार गावात एकच, आपल्या ओट्यावर मशीन टाकून बसणारे टेलरकाका. त्यांनीही ते एकदाच केलं, कारण त्या दिवशी जांभळा फॉल संपला होता आणि तुम्हाला दम निघत नव्हता. "आतून हाये, कोण बघतंय," म्हणाले होते काका. मी बघितलं, अण्णा. तुम्ही जाऊनही इतकी वर्षं झाल्यावर बघितलं.

मला पुण्याहून तुम्हीच बोलावलं होतं, आठवतं ना? अकाउंटच्या नोकरीत मी चांगली रुळले होते. खोली होती, मैत्रिणी होत्या, रविवारी पर्वतीवर जायचो. तुमचा फोन आला तो धापा टाकतच. "पोरी, नेटची लाईन येऊन राहिली आपल्या गावात. रस्त्याच्या कडंनं चर खंदून राहिलेत. आता गिऱ्हाईकानं दुकानात यायची गरज न्हाई, दुकानच जाईल त्याच्या घरी. मला त्या मोबाईलचं काही उमजत न्हाई, तू ये." आई गेल्यापासून घरात तुम्ही एकटे होतात, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. नुसती लाईन, लाईन, लाईन. मी आले. मागच्या खोलीतले कापडाचे तागे हलवून तुम्ही तिथं लाईनवाल्यांना नेटची पेटी बसवू दिली. भाडं नको म्हणालात, गावाचं काम आहे. फीत कापायला पुढारी आले, गावाचा विकास झालाच म्हणून समजा, असं बोलून जिलेबी खाऊन गेले, आणि पहिल्या रांगेत तुम्ही कडक इस्त्रीच्या सदऱ्यात बसलेले.

पुढं काय झालं ते तुमच्या डोळ्यांदेखतच झालं. जग आपल्या दुकानात आलं नाही, आपलं गिऱ्हाईक मात्र जगात गेलं. आपल्याच ओट्यावर बसून, आपल्याच पेटीची रेंज धरून पोरं शर्ट मागवायची, आणि पार्सलवाला पत्ता विचारायला आपल्याकडंच यायचा. शिरड शहापूरचं ते मोठं कुटुंब, ज्यांच्या लग्नाचा बस्ता आजोबांच्या काळापासून आपल्या गादीवर व्हायचा, बायाबापड्या दिवसभर चहा पीत साड्या उलगडायच्या, त्यांनी सुरतेच्या साड्या फोनवर बघून घेतल्या. वर पत्रिका द्यायला हसत आले! मी तणतणत मागं गेले, वायर उपटणारच होते, तर तुम्ही ओरडलात, "हात लावू नको! गावाची हाये ती." त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, ती वायर तुटली असती तर मला थांबवायला तुमच्याकडं काही उरलंच नसतं.

ती दुपार अजून समोर आहे. बाजाराचा दिवस, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही आणि दुकानात चिटपाखरू नाही. पुण्याच्या ऑफिसातून फोन आलेला असतो, जागा रिकामी झाली आहे, येतेस का. मी म्हणते, "अण्णा, मी जाते. साड्यांचे फोटो टाकून टाकून बोटं झिजली, एक ऑर्डर न्हाई." तुम्ही ताग्याची घडी घालत राहता, वर बघत नाही. "जा की," एवढंच म्हणता. मी बॅग भरते. आणि दुसऱ्या दिवशी, बॅग दारात असतानाच, फोन वाजतो. ऑर्डर! पुण्याची! तुम्ही लहान लेकरासारख्या टाळ्या पिटता. "बघ, म्हणलं व्हतं का न्हाई!" पेढे आणून मला भाजीवालीपासून सलूनवाल्यापर्यंत वाटायला लावता. पहिलं गिऱ्हाईक आहे, फॉल लावूनच धाडू, म्हणून काकांच्या मागं लागता. मी ती साडी अशी गुंडाळते, जणू माझंच लग्न आहे. आणि मग ऑफिसला फोन करून सांगते, येत नाही.

काल मी साडीकडं बघून म्हटलं, "ही कुठली गं?" काकांची लेक हसायला लागली. "ताई, असं काय करता, तुमच्याच दुकानातली की. अण्णांनीच मागवायला लावली मला. पैसे बी त्यांनीच धाडले. म्हणले, पुण्याच्या नणंदेच्या नावावर अन् तिच्याच पत्त्यावर मागव, आमच्या पोरीला कळू देऊ नको." माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. "न्हाई सांगितलं त्यांनी? मला वाटलं, मागून सांगितलं असंल."

काका सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. मी विचारलं, "काका, तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय," म्हणाले. "तुझा बाप माझ्यापाशी रडला, पोरी. म्हणला, ती गेली तर मी दुकान उघडू कुणासाठी? एक डाव तिला वाटू दे, चालून राहिलंय म्हणून."

म्हणजे काका त्या दिवशी आपल्याच लेकीच्या साडीला फॉल लावत होते, आणि तुम्ही शेजारी उभे राहून घाई करत होतात, अन् मी मूर्ख पेढे वाटत फिरत होते.

केसानं गळा कापलात माझा, अण्णा. गावानं फसवलं तेव्हा मी चार शिव्या घालून मोकळी झाले. पुढाऱ्यांचं तर सोडूनच द्या. लाईनीला तरी काय बोल लावू? तिच्यावरच हळदवाल्याला वसमतच्या बाजाराचा भाव घरी बसून कळतो, तिच्यावरच पुसेगावची एक पोरगी घरातून शिकवण्या घेऊन आईबापाला पोसते. गाव थोडंफार पुढं गेलं, मी काही आंधळी नाही. पण मी काय बघून थांबले? एक आली तर दुसरी येईल, एवढ्यावर थांबले. आलेली स्थळं परत धाडली, आत्ता कुठं धंदा सुरू होतोय म्हणून. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, थांब पोरी, मला एकट्याला करमत नाही. थांबले असते कदाचित. कदाचित गेलेही असते, आणि तेच भ्या होतं तुम्हाला. म्हणून मला विचारलंच नाही. तुमच्या शेवटच्या दिवशी तुमच्या पायांवर डोकं ठेवून मी म्हटलं होतं, दुकान बंद पडू देणार नाही. किती बरं वाटलं असेल तुम्हाला!

आता ताग्यांच्या फळ्यांवर दुसऱ्यांची पार्सलं असतात. पार्सलं उतरवून ठेवायला अन् गिऱ्हाइकाला द्यायला पार्सलवाल्यांनी दुकान भाड्यानं धरलंय. माणसं येतात, ओटीपी सांगतात, घेऊन जातात. माझं पोट भरतं. एखादी बाई खोकं तिथंच फोडते आणि म्हणते, "ताई, कापड कसं हाये, बघा की." मी चिमटीत धरून बघते आणि खरं काय ते सांगते. तुम्हीच शिकवलंत, कापडाच्या बाबतीत कुणाशी खोटं बोलायचं न्हाई. कापडाच्या बाबतीत!

हे लिहिलेलं धाडायचं कुठं? पार्सलवाल्या पोराला तुमचा काय पत्ता सांगू? गल्ल्यात पडून राहील. एक मात्र सांगते. त्याच गठ्ठ्यातली दुसरी जांभळी साडी अजून फळीवर आहे, आणि तिचा फोटो अजून नेटवर आहे. इतक्या वर्षांत काढला नाही. रोज शटर उघडलं की मी आधी फोन बघते, ऑर्डर आली का. काल सगळं कळलं, घरी येऊन तुमच्या फोटोचं तोंड भिंतीकडं केलं, आणि आज सकाळी दुकानात येऊन शटर वर सारलं.

आधी फोनच बघितला, अण्णा.