वालाभोवतीचं जाळं

आत्या, तुझा वाल वाचला. हे आधी सांगते, म्हणजे बाकीचं तू निवांत ऐकशील.

तू गेल्यापासून मी त्याचे मोजके वेल दाराशी कुंडीतच लावत होते, बी टिकावं एवढ्यासाठी. परसात पेरायची हिंमत होत नव्हती. पण कुंडीत शेंगा कमी होत गेल्या, बी निम्म्यावर आलं, आणि यंदा मी ते सगळं जमिनीत घातलं. मागे काहीच ठेवलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, तेव्हा किती वेळा उठून बघितलं असेल ते विचारू नकोस. रोपं दोन पानांवर आली आणि एका सकाळी कडेची ओळ कात्रीने कापल्यासारखी साफ. ससे. शेजारचे काका कुडावरून बघत म्हणाले, "फासा लाव, पोरी. वालही राहील आणि रविवारचा रस्साही होईल."

मला तूच आठवलीस. मी अजून शाळेत जात नाही, राखेत बोटाने तू मला अक्षरं गिरवायला लावतेस, ते दिवस. परसाला आपण झाईच्या बंदरावरून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं लावलं आहे आणि एका कोपऱ्यात ते सैल राहिलं आहे. त्यात ससा गुरफटलाय. तू विळ्याने सरळ जाळंच कापतेस. तो सुटून बांधाकडे पळतो.

"चांगलं जाळं कापलंस, आत्या?"

"जाळं शिवता येतं. सैल सोडलं तर तो फासाच झाला की. आपल्याला त्याला बाहेर ठेवायचंय, धरायचं नाही."

मग दुपारभर तू मला गाठ मारायला शिकवतेस. माझी गाठ सुटते, तू पुन्हा दोरा हातात देतेस.

रविवारी मी बसने झाईला गेले. एका कोळीणबाईंनी फाटकं जाळं दिलं. बसमध्ये लोक नाक धरून बसले होते, आणि घरी पोचल्यावर शेजारच्या काकी म्हणाल्या, "काय गं, वालात बोंबील पिकवायचेत काय?" मी भोकं शिवली, जाळं दुहेरी केलं, बांबूंना ताणून बांधलं. खालची कड वीतभर बाहेरच्या बाजूला दुमडून मातीत पुरली, वर दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी कुंपणाबाहेर सगळीकडे लेंड्या होत्या, एके ठिकाणी माती उकरलेली होती. आत एक पानही खाल्लेलं नव्हतं आणि जाळ्यात कुणी अडकलेलं नव्हतं. मी तिथेच मातीत बसले.

आता शेंगा वाळल्या आहेत. परवा काका बी मागायला आले. जाळ्याशी वाकून म्हणाले, "कड बाहेर का दुमडलीस?"

"ससा अगदी कडेला येऊन उकरतो ना. उकरतो तिथेच जाळं लागतं."

"कुणी शिकवलं?"

"आत्याने," मी म्हटलं. हे सांगताना आवाज जरा चढलाच.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. वाळलेल्या वालाला ससे तोंड लावत नाहीत. तरी मी रोज सकाळी कुंपणाला फेरी मारते. आधी धास्तीने मारायचे. आता मला ते कुंपण बघायला आवडतं.