वसाहतीतल्या दाढीवाल्या कोंबड्या

१९ एप्रिल १९५५

आज सुभेदाराची दाढी कापली. कोंबडा मी धरला, कात्री सोबतच्या धुरपतानं चालवली. गालांवरच्या आणि गळ्याखालच्या पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके — खसखस सांडल्यासारखे. उवा तर चालताना दिसत होत्या. वरून पाहिलं तर काही नाही, पिसं इतकी दाट. महिनाभर मी रोज त्याच्या गळ्याखाली हात फिरवते आहे आणि मला कळलं नाही. माझ्या बोटांना कळणार तरी काय? त्यांना ऊन कळत नाही, थंड कळत नाही.

धुरपता म्हणाली, "बाई, डोयानं पाह्यत जा. बोटाच्या भरवशावर नोको राहू."

तंबाखूचं पाणी लावलं. सगळ्या कोंबड्यांच्या दाढ्या उद्यापासून एकेक करून तपासायच्या.

२२ एप्रिल

अकराही तपासून झाल्या. सातजणींना लागण. दाणा-पाणी घेताना दाढी ओली होते, पीठ चिकटतं, वाळतं, त्याला वास सुटतो. मग माश्या. दिसायला राजेशाही आणि निगा तान्ह्या पोरासारखी!

मॅडम मार्चमध्ये विलायतेला कायमच्या गेल्या. वसाहतीचा दवाखाना त्यांनीच मांडला होता. जाताना मला बोलावलं आणि म्हणाल्या, "वच्छला, या आता तुझ्या." मूळची फ्रान्सची जात. पिल्लं त्यांनी निलगिरीहून पेटीत घालून आणली होती. फिकट विटकरी रंग, फुगीर कल्ले, दाढी, पायांवरही पिसं, आणि पायाला बोटं पाच. देशी कोंबडीला चार असतात.

मी हिंगणघाटच्या किराणा दुकानदाराची सून. घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही. पण इथं अंडी लागतात. अशक्त बायकांच्या खोलीत चौदाजणी आहेत. आमच्या महारोगावरच्या नव्या गोळ्यांनी रक्त कमी होतं, तेव्हा अंडं द्याच, असं डॉक्टर सांगतात.

पाच वर्षांपूर्वी घरच्यांनी बैलगाडीतून इथं आणून सोडलं. तेव्हापासून कुणी माझ्यावर काही सोपवलं नव्हतं.

३ मे

दुपारी दोन कोंबड्या गेल्या. चोच वासून धापा टाकत होत्या, पंख अंगापासून दूर धरलेले. ओली पोती लावली होती, वाळूवर पाणी शिंपडलं होतं, कांदा चिरून पाण्यात टाकला होता. काही उपयोग नाही. थंड डोंगरातलं पाखरू, अंगावर एवढी रजई, आणि वर्ध्याचं ऊन!

अंगणातल्या देशी कोंबड्या मात्र निंबाखाली खुशाल धूळ उकरत होत्या.

४ मे

आणखी एक. आता आठ, आणि सुभेदार.

५ मे

आज दोनच अंडी. चौदाजणींत दोन कशी वाटायची? तानाबाईला आणि शेवटच्या खाटेवरच्या म्हातारीला दिली. बाकीच्या बघत होत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मे

लिहायला डावा हात. अक्षर वाकडं येतंय.

ज्या कोंबडीला आम्ही बुटकी म्हणतो, तिचे डोळे चिकटले. कल्ल्यांची पिसं डोळ्यांत जातात, त्यात धूळ. बोरिकच्या कोमट पाण्यानं पुसायचे म्हणून चुलीवर भगुनं ठेवलं. उतरवलं. कोंबडी मांडीवर, भगुनं उजव्या हातात, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघत बसले.

धुरपता दारातून ओरडली, "बाई, तुहा हात जळून राह्यला!"

मला वासही तिच्या बोलण्यानंतर आला. तीन बोटांची कातडी भगुन्याच्या काठाला राहिली. दुखलं नाही. जरासुद्धा नाही. म्हणूनच रडू आलं.

१२ मे

डॉक्टरांनी पट्टी बांधली. रागावले नाहीत. म्हणाले, "रोग थांबलाय, वच्छलाबाई. पण जखम चिघळली तर बोटं जातील, आणि ती रोगानं नाही, हयगयीनं गेलेली असतील." आठ दिवस कोंबड्यांना हात लावायचा नाही.

धुरपताच्या तोंडावर आणि पायांवर रोग आहे, हात मात्र धडधाकट. ती म्हणाली, "हात माह्ये, डोकं तुहं. चालते."

ती जंगलातल्या गावची, गोंडाची. लहानपणापासून कोंबड्यांत वाढली. माझ्याहून तिला शंभरपट कळतं. तरी मॅडमनी कोंबड्या मला का दिल्या? मी लिहू शकते म्हणून असेल. तिनं कधी विचारलं नाही.

२० मे

भैयाजींचं पत्र. हे माझे थोरले दीर. घरून पत्र आलं तर त्यांचंच येतं. मनूच्या बाबांनी पाच वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही.

मी मुलीसाठी, मनूसाठी पिसं पाठवली होती, पाकिटात घालून. सुभेदाराच्या दाढीची, धुऊन, उन्हात वाळवून. सोबत चार ओळी. ती आता आठ वर्षांची आहे, वाचता येत असेल.

पिसं परत आली आहेत. भैयाजी लिहितात: "मनूला तिची आई वारली असेच सांगितले आहे. शाळेत, शेजारीपाजारी तेच ठाऊक आहे. पुढे तिचे लग्न व्हायचे आहे. आपण समजूतदार आहात. यापुढे तिच्या नावे काही पाठवू नये."

२१ मे

काही नाही.

२६ मे

धुरपतानं काल जबरदस्तीनं खुराड्यात नेलं. "तू मेली त्यायच्यासाठी. कोंबड्यायसाठी थोडीच मेली?" असं म्हणाली. मी तिच्यावर चिडले. मग बसून बुटकीच्या डोळ्यांवर आलेली पिसं तिच्याकडून कापून घेतली. एक डोळा वाचला. दुसरा पांढरा झाला.

१८ जून

ऊन उतरलं. अंडी पुन्हा चार-पाच येतात. डॉक्टरांना विचारून नऊ अंडी उबवायला ठेवायचं ठरवलं. चौदाजणींच्या तोंडचीच ती. पण पिल्लं झाली नाहीत तर ही जात इथंच संपेल.

आमच्यातली एकही खुडूक होऊन अंड्यांवर बसेना. दाराशी भाजी आणणाऱ्या बाईनं आंजीच्या बाजारातून एक देशी खुडूक कोंबडी आणून दिली.

धुरपता म्हणाली, "बाहेरची हाये. आठ रोज अलग ठेवजो."

पडक्या गाडीखान्यात ठेवली.

२२ जून

गाडीखान्यात मुंगूस दिसलं. कोंबडी नेली तर? अंडी जमवून पाच-सहा दिवस झाले, अजून ठेवली तर नासतील. मी तिला खुराड्याच्या कोपऱ्यात आणून अंड्यांवर बसवलं. आठ दिवस झाले नाहीत, चारच झाले. कोंबडी चांगली दिसते. खाते, पिते. धुरपता पायाच्या पट्टीसाठी दवाखान्यात होती.

परत आल्यावर तिनं पाहिलं. आधी कोंबडीकडे, मग माझ्याकडे.

३० जून

देशी कोंबडी अंड्यांवरून उठली. हिरवट-पांढरी पातळ शिट. मान खाली घालून बसली आहे.

१ जुलै

ती मेली. अंडी गार.

३ जुलै

सुभेदार तोंड उघडून घरघरतो आहे. दोन कोंबड्यांच्या माना पाठीवर उलट्या वळल्या आहेत, आभाळाकडे बघत असल्यासारख्या. धुरपतानं एकीला उचललं, मान सरळ केली, सोडली. परत वळली.

"मानमोडी," ती म्हणाली. मग खाली बसली.

डॉक्टरांनी सायकलवरून माणूस पाठवला, गुरांच्या दवाखान्यात.

५ जुलै

गुरांच्या दवाखान्यातले स्टॉकमन रामाजी आले. थर्मासात बर्फ, बर्फात लस. फाटकाशी थांबले. थर्मास दगडावर ठेवला आणि दहा पावलं मागं जाऊन उभे राहिले. तिथूनच मोठ्यानं सांगत होते, सुई कशी उकळायची, औषध किती ओढायचं, पंखाखाली कुठं टोचायचं. मला राग आला नाही. मीही पाच वर्षांपूर्वी अशीच उभी राहिले असते.

धुरपता टोचायला गेली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बाहेरची कोंबडी आणली होती काय इतक्यात?"

मी म्हटलं, "नाही."

६ जुलै

रामाजी म्हणाले होते, ज्यांच्यात रोग आधीच शिरला आहे त्यांना लस वाचवत नाही. सुभेदार सकाळी गेला. दुपारी तीन कोंबड्या.

७ जुलै

दोन.

९ जुलै

आणखी दोन. बुटकी तेवढी राहिली. तिचीही मान वाकडी आहे. दाणा दिसतो तिथं चोच पडत नाही, बाजूला पडते. गोल गोल फिरते आणि आपटते.

खड्डा धुरपतानं खणला. मी चुना टाकला. दाढ्या सगळ्या मातीनं भरलेल्या.

अशक्त बायकांच्या खोलीत गेले नाही. तानाबाईनं निरोप पाठवला, जेवून घे म्हणून.

१३ जुलै

आज धुरपताला सांगितलं. ती कोंबडी मीच चौथ्या दिवशी आत आणली. रामाजींशी मी खोटं बोलले. मुंगसाचं निमित्त होतं, मला घाई झाली होती. पिल्लं बघायची घाई. सगळ्यांना मी मारलं.

ती बुटकीला पाण्यात कालवलेलं पीठ भरवत होती. चोच उघडायची, बोटानं आत लोटायचं, थांबायचं.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "मी तवाच तिले उचलून बाहेर ठेवू शकली असती. काऊन नाई ठेवली? तू पाच वर्षांत पह्यल्यांदा हसून राह्यली होती, म्हून."

आणखी एक घास लोटून म्हणाली, "माह्या घरी हा रोग कोनं आनला, मी लई दिवस शोधत बसली. सासू, नवरा, शेजारीण. सापडलं नाई. सापडलं असतं तरी काय केलं असतं?"

तिच्या घरचं कुणी तिला भेटायला आलेलं मी कधी पाहिलं नाही. ती आठ वर्षं इथं आहे.

२२ जुलै

बुटकी जगते आहे. मान वाकडीच. एक डोळा, वाकडी मान, आणि कोंबडा नाही, म्हणजे पिल्लं कधीच नाहीत. धुरपता म्हणते अंडं देईल. मला खरं वाटत नाही. मॅडमना पत्र लिहायला बसते आणि "आदरणीय मॅडम" एवढंच लिहून ठेवते. तीन कागद झाले.

३० जुलै

डॉक्टरांनी बोलावलं. माझी तपासणी शुद्ध आली, सलग सहाव्यांदा. आणखी सहा महिने अशीच आली तर घरी जाता येईल. ते खुशीत होते. मी विचारलं, "घरी म्हणजे कुठं?" त्यांना घरचं ठाऊक नाही. मी सांगितलंही नाही. मेलेली बाई घरी कशी जाणार?

बाहेर येऊन निंबाखाली बसले. वाटलं, तपासणी बिघडावी. इथं राहता तरी येईल. असं वाटलं, तेही लिहून ठेवते.

६ ऑगस्ट

भैयाजींचं पत्र. मनूच्या डाव्या दंडावर फिकट चट्टा आहे. सुई टोचली तर तिला कळत नाही. सोमवारी घेऊन येतात, इथंच ठेवायला. आई जिवंत आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही, ते मी सांगावं.

धुरपता म्हणाली, "एकच चट्टा हाये. लवकर आनून राह्यले. बोटं राह्यतील पोरीचे."

पत्र वाचलं तेव्हा आधी मला आनंद झाला. मग कळलं, मी काय वाचलं ते.