भुऱ्याची पाठ

वणी,
मंगळवार

प्रिय जब्बार,

चष्मा लाव आणि हे पत्र स्वतः वाच, सुनेच्या हाती देऊ नकोस. फोनचं काही जमत नाही. तुला ऐकू येत नाही आणि मी इकडून ओरडलो की अख्खी गल्ली दारात येते. खाणीच्या वर्कशॉपने तुझे कान खाल्ले, त्याला मी काय करणार! भाभी गेल्यावर तू मुलाकडे पुसदला निघालास, तेव्हा भुऱ्याचा पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाला होतास, "मी येतपर्यंत सांभाळजो." त्याच भुऱ्याची ही खबर आहे. घाबरू नकोस, जिवंत आहे.

दिवाळीनंतर त्याच्या पाठीवरून कोंडा पडायला लागला. हात फिरवला की तळहात पांढरा. कातडी सुकून तडतडली, शेपटीजवळचे केस विरळ झाले, आणि सारखं खाजवणं. मला वाटलं, ही कोळशाची धूळ. वणीची हवा तुला काय सांगायची? सकाळी भुरा असलेला कुत्रा संध्याकाळी काळपट होतो. कामावरून आलेला माणूस अंग धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हा आपल्या घरांचा कायदा, तोच मी भुऱ्याला लावला. रोज संध्याकाळी त्याला आंघोळ, तीही खाणीत मिळायच्या त्या साबणाने. माझ्या विमलने संसारात त्या वड्या इतक्या जपून ठेवल्या होत्या की ती गेल्यावरही कपाट भरलेलंच आहे. कोंडा वाढला तसा मी साबण वाढवला, वरून कडुनिंबाचं पाणी. खरं सांगू? माझी संध्याकाळ बरी जायची. पाणी तापवायचं, त्याला कोपऱ्यात गाठायचं, शिव्या घालायच्या. घरात शिव्या घालायला तरी कोणी पाहिजे ना.

मग शेजारच्या हंसाबाईने भिंतीवरून डोकावून निदान केलं. "भाऊ, हे खरूज हाय. जयलेलं ऑइल लावा, सारं झडून जाते." मी ट्रकवाल्याकडून डबाभर जळकं ऑइल आणलं. झाकण उघडलं मात्र, आणि इतका वेळ मरगळून पडलेला भुऱ्या ताडकन उठला. डब्याला नाक लावलं, शेपटी अशी हलवली की मागचं अंगच हललं, आणि धावत सुटला तो थेट तुझ्या फाटकाशी. तिथे जाऊन बसला. फाटकाला कुलूप, आत पाचोळा, आणि हा कान टवकारून बसलेला. तुझ्या कपड्यांना तोच वास यायचा ना रे. भाभी त्याला घरात घ्यायची नाही, पण पहिली पोळी त्याच फाटकातून त्याला द्यायची. अंधार पडल्यावर मी जाऊन त्याला उचलून आणलं. डब्याचं झाकण घट्ट लावून तो परत करून टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑटोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. वर्षा नावाची डॉक्टर आहे, मारेगावकडची पोरगी, तोंडाने फटकळ. तिने पाठ थोडी खरवडून काचेवर घेतली आणि मायक्रोस्कोपखाली पाहिली. ना खरूज, ना गजकर्ण. मग मी काय काय केलं ते विचारलं आणि कपाळावर हात मारला. "काका, हा काय खाणीत ड्युटीले जाते का? रोज साबण कायले लावता?" अंगचं तेल असतं म्हणे कुत्र्याला, ते मीच धुऊन काढत होतो, वरून ही कोरडी थंडी. ऑइल लावलं असतं तर चाटून चाटून मेला असता, हेही तिने सुनावलं. आता साबण बंद. धूळ ओल्या फडक्याने पुसायची, रोज मऊ ब्रश फिरवायचा, सुकलेल्या जागी खोबरेल अगदी हलक्या हाताने, आणि जेवणात उकडलेलं अंडं. निघताना तिने माझे हात पाहिले. "तुमचीबी कातडी तशीच फुटली, काका. तुमी बी लावा तेल." माझ्या हातांकडे कोणी पाहिल्याला किती दिवस झाले होते, मला आठवेना. मी थंडीवर ढकललं आणि उठलो.

भुऱ्या आता सुधारतोय. कोंडा कमी झाला, शेपटीजवळ नवे केस येताहेत. फक्त संध्याकाळ मोकळी झाली. ब्रश फिरवून होतो, मग तो झोपतो आणि मी नळाकडे बघत बसतो. खाणीतली पाळी सुटल्यावरचा आपला नळ आठवतो. ज्याची त्याची पाठ जोडीदाराने घासायची, कारण आपल्या पाठीला आपला हात पोचत नाही. माझ्या पाठीवर कोळसा, तुझ्या पाठीवर ऑइल. लोक जोड्या बदलायचे, भांडायचे. आपली जोडी रिटायर होईपर्यंत टिकली. तू विटेच्या तुकड्याने घासायचास, सैताना, कातडं निघायचं.

आता कशासाठी लिहिलं ते सांगतो. परवा अब्रारचा फोन आला होता. तुझा मुलगा गुणाचा आहे, अदबीने बोलला. "चाचा, अब्बा आता इकडंच राहतीन. घर भाड्यानं देऊन राह्यलो. कुत्रं कोनाले देऊन टाका." हे तू सांगायला लावलंस की त्याने आपल्याच मनाने ठरवलं, मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. भुऱ्या मी कोणाला देणार नाही. घर भाड्याने जाऊ दे, माझी पुढची खोली रिकामी आहे आणि नळ अंगणातच आहे. तिकडे सुखात असशील तर राहा, मी आग्रह करणार नाही. नसशील तर पोराला विचारत बसू नकोस, बस पकड आणि ये. खोबरेलाची बाटली भरलेली आहे. भुऱ्याच्या पाठीला मी लावतो. माझ्या पाठीला हात पोचत नाही, जब्बार.

तुझाच,
पाठीचा जोडीदार
सदाशिव